माया, कळवळा आणि विचारपूस

दुसऱ्याचे दुःख पाहून मनात जे हलते, त्याला मराठीत एकच एक नाव नाही. दया, कृपा, कीव, कणव, करुणा, माया, ममता, कळवळा, जिव्हाळा, आपुलकी, आस्था, अगत्य, काळजी हे सारे शब्द रोजच्या वापरात आहेत. कोशात ते एकमेकांच्या आधाराने उभे असतात: दया पाहावी तर करुणा, करुणा पाहावी तर दया. बोलणारा माणूस मात्र त्यांची गल्लत करीत नाही. 'मला त्याची दया आली' आणि 'मला त्याचा कळवळा आला' यांतला फरक त्याच्या कानाला लगेच कळतो. बोलणारा समोरच्याच्या वर उभा आहे की बरोबरीने, यावर तो फरक पुष्कळसा ठरतो. शिवाय भावना मनातच राहते की हातापायांना कामाला लावते, हेही शब्दाच्या निवडीत दिसते.

'दया' वरून खाली येते. देव दया करतो, धनी दया दाखवतो, फाशीची शिक्षा झालेला कैदी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करतो. ज्याच्या हातात काही आहे त्याने, ज्याच्या हातात काही नाही त्याच्याकडे पाहणे, ही या शब्दाची मूळ बैठक आहे. संतांनी 'भूतदया' म्हणून तिला रुंद केले. मुंगीपासून माणसापर्यंत सारे जीव तिच्या कक्षेत आणले. तरी देणारा आणि घेणारा यांच्यातली पायरी शब्दातून पुरती गेली नाही. 'कृपा' तर आणखी वरची. ती देवाची, गुरूची, फार तर वडीलधाऱ्यांची. गंमत अशी की याच कृपेचे प्राकृतातून उतरलेले रूप म्हणजे 'कीव'. एकच शब्द दोन वाटांनी मराठीत आला. एक देवळात राहिला, दुसरा रस्त्यावर आला आणि तिथे त्याची पत घसरली. 'तुमच्या बुद्धीची कीव येते' हे वाक्य अपमानाचे आहे. स्वाभिमानी माणूस संकटातही 'माझी कीव करू नका' असे बजावतो. 'माझ्यावर माया करू नका' असे कोणी म्हणत नाही. 'कणव' अर्थाने जवळची असूनही तिला हा डाग लागला नाही. तिच्यापासून झालेला 'कनवाळू' हा मराठीतला निखळ कौतुकाचा शब्द आहे. दयाळू, कृपाळू, मायाळू, कनवाळू या शब्दांतला 'आळू' हा प्रत्यय स्वभाव सांगतो: एकदा घडलेली कृती नव्हे, अंगी मुरलेली सवय.

'करुणा' या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. जुन्या मराठीत करुणा मुख्यतः 'भाकली' जाई, म्हणजे मागितली जाई. सतराव्या शतकात रामदासांनी देवाला घातलेल्या आर्त हाका 'करुणाष्टके' म्हणून ओळखल्या जातात. तिथे करुणा भक्ताच्या बाजूने निघते, देवाचे मन द्रवावे म्हणून. बौद्ध परंपरेत मात्र करुणा ही साधकाने स्वतःत वाढवण्याची गोष्ट आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांतली ती एक. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर करुणा आणि मैत्री हे शब्द महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पोथीतले न राहता बोलण्यातले झाले. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी दोहोंतला फरक नेमका सांगितला आहे. करुणा माणसांविषयी असते. मैत्री त्याच्या पलीकडे जाते, शत्रूलाही आणि प्रत्येक प्राण्यालाही कवेत घेते. दया आणि कृपा यांच्यातली वर-खाली पायरी या मांडणीत उरत नाही, म्हणूनच आधुनिक मराठीच्या इतिहासात तिला मोठे महत्त्व आहे.

हे झाले संस्कृत-पाली परंपरेतले शब्द. मराठी माणूस जेव्हा खरोखर हेलावतो तेव्हा तो त्यांच्याकडे फारसा वळत नाही. तो शरीराकडे वळतो. 'काळजी' हा शब्दच 'काळीज' या शब्दाचा नातलग आहे. ज्याची काळजी वाटते त्याच्यासाठी काळीज तुटते, लक्कन हलते, त्याला घरे पडतात. पोटाचे तर वेगळे दालनच आहे. मुलाला लागले की आईच्या पोटात कालवते, उशीर झाला की पोटात धस्स होते, चूक झाली तरी ती पोटात घातली जाते, आणि एखादा प्रश्न मनापासून मांडणारा माणूस 'पोटतिडकीने' बोलतो. तिडीक म्हणजे उठणारी तीव्र कळ. दुसऱ्याच्या प्रश्नाची कळ स्वतःच्या पोटात उठणे म्हणजे पोटतिडीक. 'कळवळणे' हे क्रियापदही असेच दुहेरी आहे. पोटदुखीने माणूस कळवळतो आणि दुसऱ्याचे हाल पाहूनही कळवळतो. दोन्हीला भाषेने एकच शब्द ठेवला, यातच कळवळ्याचा अर्थ आला: दुखणे दुसऱ्याचे, कळ आपल्याला. त्याच्याही खाली आतडी आहेत. आतडी पिळवटतात, आतडे तुटते, आणि रक्ताच्या माणसांना 'आतड्याची माणसं' म्हणतात. 'जीव' या शब्दाची चलती तर इतकी की तो लावला जातो, टांगणीला लागतो, खालीवर होतो, थोडा थोडा होतो, आणि वाट पाहिलेले माणूस सुखरूप दारात दिसले की जिवात जीव येतो.

शरीराखालोखाल पाणी. 'जिव्हाळा' आज प्रेमाच्या अर्थाने वापरतात, पण जुन्या वापरात जिव्हाळा म्हणजे जमिनीतला जिवंत झरा. नखाखालच्या कोवळ्या भागालाही 'जिव्हाळी' म्हणतात. तिथे लागले की कळ मस्तकात जाते. मनाला खोल लागलेले बोलणे 'जिव्हारी' लागते, तेही याच अर्थाच्या आसपासचे. 'उमाळा' म्हणजे खालून उसळून येणारे पाणी, आणि मन भरून येणेही. कठोर माणसाला 'पाझर फुटतो', बोलण्यात 'ओलावा' असतो, आणि तो नसला की वागणे 'कोरडे' ठरते. सह्याद्रीच्या पूर्वेला, जिथे विहिरीला पाणी लागणे हाच घरादाराच्या जगण्याचा प्रश्न असतो, तिथल्या भाषेत ममतेला झऱ्याची नावे मिळाली, हे अगदी स्वाभाविक वाटते.

'माया' या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण त्याचे मराठीपण सर्वांत ठसठशीत आहे. वेदान्तात माया म्हणजे भास, जगाचा खोटेपणा. तिच्यापासून सुटायचे असते. मराठी घरात माया म्हणजे आजीने तोंडावरून फिरवलेला हात. तिच्यासाठी माणूस आसुसतो. दोन्ही अर्थ एकाच भाषेत शेजारी नांदतात आणि कीर्तनकार जेव्हा मायेच्या पाशाबद्दल बोलतो तेव्हा श्रोत्यांच्या मनात दोन्ही जागे होतात. 'माय' या शब्दाच्या शेजाराने ममतेचा अर्थ अधिकच पक्का झाला. शिवणकामात आणखी एक माया आहे. कापड बेतताना शिंपी मापाच्या रेषेवरच कात्री चालवीत नाही. शिवणीबाहेर बोटभर कापड आत सोडतो. त्या जादा पट्टीला 'माया' म्हणतात. मूल वाढले, अंग भरले, की शिवण उसवून झगा सैल करता येतो. शाळेचा गणवेश शिवायला टाकताना 'जरा माया ठेवा हं' असे सांगणाऱ्या आईच्या तोंडी हा शब्द कापडाविषयी असतो, पण तिची नजर पुढच्या वर्षीच्या मुलावर असते.

फारसीनेही या कोठारात मोलाची भर घातली. 'दिलासा' हा शब्द तिकडून आला. त्यात 'दिल' आहे, म्हणजे पुन्हा हृदयच. मराठेशाहीत दुष्काळाने किंवा स्वारीने उजाड झालेल्या गावात रयत परत यावी म्हणून सरकारातून कौल दिला जाई, काही वर्षे सारा माफ होई किंवा कमी होई. अशा वेळच्या दिलाशात शब्दाबरोबर सवलत असे. आजही 'शेतकऱ्यांना दिलासा' असा मथळा दिसला की वाचक कर्जाचा, पावसाचा किंवा भावाचा आकडा शोधतो. 'निगा' म्हणजे मुळात नजर. झाडाची, जखमेची, म्हाताऱ्या माणसाची निगा राखायची म्हणजे तिकडे लक्ष ठेवायचे. 'खुशाली'ही तिकडचीच. 'बिचारा' म्हणजे ज्याच्याजवळ इलाज नाही असा. तो उच्चारताना मराठी माणूस बहुधा जिभेने चुकचुकतो आणि पुढे निघतो. हळहळ व्यक्त करणारा हा शब्द कोणाला कामाला लावीत नाही.

पत्रव्यवहारात काळजीचे ठरलेले साचे होते. जुन्या मराठी पत्राचा आरंभ येथील कुशल कळवून आणि तिकडचे कुशल लिहीत जावे अशी विनंती करून होई. शेवटी 'लोभ असो द्यावा' किंवा 'लोभ आहे तो वाढावा' हे येई. एरवी लोभ हा षड्रिपूंपैकी एक, पण पत्रात तो स्नेह होतो. पोस्टकार्डाच्या काळापर्यंत 'चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद' आणि 'प्रकृतीस जपावे' टिकून राहिले. अशी वाक्ये ठोकळेबाज म्हणून हसण्यावारी नेणे बरोबर नाही. ज्याला लिहिता येत नव्हते तो गावातल्या शिकलेल्याकडून किंवा पोस्टाबाहेरच्या लेखकाकडून पत्र लिहवून घेई. मनात काय आहे ते परक्यासमोर उघडे करून सांगणे त्याला जड जाई. साचा ते त्याच्यासाठी सांगत असे. लग्नपत्रिकेतले 'अगत्य येण्याचे करावे' हेही त्याच घराण्यातले. अगत्य म्हणजे निकड, आणि अगत्य म्हणजे आपुलकी. यावेच लागेल असे प्रेमाने सांगणे.

बोलीभाषेत काळजी बहुतेक वेळा प्रश्न होऊन येते. 'मला तुझी काळजी वाटते' असे वाक्य घरात क्वचित उच्चारले जाते. त्याऐवजी विचारतात: 'जेवलास का?', 'पोचलास का?', 'स्वेटर घेतलास ना?', 'एवढी का उतरलीस गं?' या प्रश्नांना माहितीची अपेक्षा थोडी असते. दुपारी तीन वाजता दारात आलेल्या पाहुण्याला 'जेवण झालंय का?' विचारणाऱ्या बाईला त्याचे वेळापत्रक नको असते. नसेल झाले तर पिठलं टाकायची तिची तयारी असते. या सगळ्याला मराठीने दिलेले नाव 'विचारपूस'. विचारणे आणि पुसणे हे एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून ते झाले आहे. एकदा विचारून भागत नाही, पुन्हा पुसावे लागते, हे त्या जोडीत दिसते. 'चौकशी' हा त्याचा कोरडा भाऊ; पोलीसही चौकशी करतात. त्याला माणुसकी द्यायची तर पुढे विशेषण लावावे लागते, म्हणून 'आस्थेवाईकपणे चौकशी केली' असे लिहितात. विचारपूस मात्र विशेषणाशिवायच आस्थेची असते.

प्रश्नानंतर येते आज्ञा. 'सावकाश जा', 'जपून जा', 'उन्हाचं निघू नकोस', 'पोचल्यावर फोन कर'. घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि चुकून 'जातो' म्हणालाच तर उंबऱ्यात त्याला 'येतो म्हणावं' असे टोकले जाते. ठसका लागला की 'वर बघ, वर बघ' म्हणत पाठीवर हात फिरतो. मुलाला खरचटले की फुंकर घातली जाते, आणि त्यावरूनच मोठ्यांच्या 'दुःखावर फुंकर घालणे' हा वाक्प्रचार झाला. काळजी कधी रागाचे सोंगही घेते. उशिरा आलेल्या मुलाला 'कुठं उलथला होतास?' असे विचारणाऱ्या आईचा आवाज चढलेला असतो, पण ताट तिने झाकून ठेवलेले असते. मालवणी मुलखात 'मेल्या' हे संबोधन शिवीसारखे ऐकू येते आणि जवळिकीनेच वापरले जाते. बाहेरून आलेल्याला हे उमगायला वेळ लागतो.

संबोधने हा या भाषेचा कणा आहे. तेच वाक्य 'बाळा', 'राजा', 'सोन्या' लावून म्हटले की निराळे होते. विदर्भात आणि मराठवाड्यात अनोळखी बाईलाही 'माय' म्हणतात, तरण्याताठ्या मुलालाही 'लेकरा' म्हणून हाक येते. कोकणात 'बाय' ही लेकही असते आणि शेजारीणही. गोव्यात कोकणी बोलणारा आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतो, म्हणजे आभाराऐवजी समोरच्याचे भले चिंततो. मराठी घरातही 'धन्यवाद' हा सभेतला शब्द आहे. उपकार झाले असे वाटलेली म्हातारी 'तुझं भलं होईल पोरा' म्हणते आणि डोक्यावर हात ठेवते. महाराष्ट्रातल्या सरकारी इस्पितळात आया 'मावशी' असते आणि वॉर्डबॉय 'मामा'. रात्री दोनला पाणी मागणारा रुग्ण 'मावशी, जरा इकडं येता का?' असे म्हणतो तेव्हा तो नाते जोडूनच मदत मागत असतो.

आजारपण आणि मृत्यू यांच्याभोवतीची भाषा सर्वांत काटेकोर आहे. आजाऱ्याच्या घरी 'समाचाराला' जातात. हाच शब्द 'घेतला' की उलटतो: 'समाचार घेतला' म्हणजे विचारपूस केली, आणि झाडाझडती घेतली असेही. आजाऱ्याला 'कसं वाटतंय?' विचारायचे, पण 'फारच खराब झालात' म्हणायचे नाही. 'आज चेहऱ्यावर तरतरी दिसतेय' म्हणायचे. मृत्यू झालेल्या घरी गेल्यावर बोलणे आणखी कमी होते. तिथे 'नमस्कार' नसतो, निघताना 'येतो' नसते, यजमान 'या' म्हणत नाहीत. लोक येतात, बसतात, 'काय झालं?' एवढेच विचारतात आणि घरच्यांना पुन्हा पुन्हा तीच हकीकत सांगू देतात. त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतून, शेजारातून किंवा सोयऱ्यांकडून भाकरी-पिठलं, भात-आमटी येते. बऱ्याच भागांत त्याला 'कडू घास' म्हणतात. पदार्थ कडू नसतो, प्रसंग असतो. कोणीतरी वडीलधारी बाई शेजारी बसून 'दोन घास खा, तुझ्या लेकरांसाठी खा' म्हणत तो भरवते. पुढे काही दिवसांनी जवळचे नातलग घरी बोलावून गोडाचे जेवण करतात, नवे कापड देतात. याला 'दुखवटा काढणे' म्हणतात. शोक किती करावा आणि कधी थांबवावा याची परवानगी दुसऱ्यांनी येऊन द्यायची, ही त्यामागची समज फार शहाणी आहे.

सार्वजनिक जीवनात दयेची नावे बदलत गेली आणि त्या बदलांत समाजाचा इतिहास दिसतो. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली पुण्यात काढलेल्या संस्थेचे नाव 'अनाथ बालिकाश्रम' होते. विधवा आणि निराधार मुलींसाठी लोकांकडे मदत मागायची, तर त्यांचे अनाथपण नावातच सांगणे तेव्हा गरजेचे वाटले. तीच संस्था आज 'महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था' आहे. अनाथ जाऊन शिक्षण आले. बाबा आमट्यांनी 1949 साली स्थापलेल्या 'महारोगी सेवा समिती'च्या नावात जुना शब्द राहिला, पण वृत्तपत्रांत आणि दवाखान्यांत 'कुष्ठरुग्ण' रूढ झाला. समितीच्या वसाहतीचे आनंदवन हे नाव तर रोगाचा उल्लेखच करीत नाही, आणि लोकांच्या जिभेवर तेच बसले. 'अपंग' ऐवजी आता सरकारी कागदांवर 'दिव्यांग' असते. या नव्या शब्दाने गौरव होतो असे काहींना वाटते, तर शारीरिक अडचणीवर दिव्यत्वाची झूल घातली जाते असे काहींचे म्हणणे आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. कार्यालयांत 'अनुकंपा' हा शब्द एका अर्जाचे नाव झाला आहे: नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला 'अनुकंपा तत्त्वावर' नेमणूक मिळते. ज्या घराने वर्षानुवर्षे त्या यादीत वाट पाहिली त्याच्या तोंडी 'अनुकंपा' म्हणजे भावना नव्हे, प्रतीक्षायादीतला क्रमांक असतो.

छापील मराठीत 'सहानुभूती' आता पक्की रुळली आहे. समुपदेशनाच्या आणि मानसशास्त्राच्या लिखाणात तिच्या शेजारी 'समानुभूती' आणि 'सहवेदना' आले. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल वाईट वाटणे आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून ते जाणणे यांत फरक करायला हे शब्द उपयोगी पडतात, पण बोलण्यात ते अजून उतरलेले नाहीत. तिथे 'कळवळा' पुरतो. 'शुश्रूषा' हा शब्द मात्र नव्याने ओळख करून घेण्याजोगा आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकावे म्हणून जवळ राहणे, त्यातून सेवा करणे आणि त्यातून रुग्णसेवा असा तो सरकत आला.

घरात शुश्रूषा असा शब्द कोणी वापरीत नाही. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सेवेला साधी क्रियापदे आहेत: बघणे, सांभाळणे, जपणे, आणि सर्वांत मोठे 'करणे'. 'सासूचं तिनं शेवटपर्यंत केलं' या वाक्यात कर्म सांगितलेले नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते विचारावे लागत नाही. कूस बदलणे, अंग पुसणे, पेज भरवणे, रात्री दर दोन तासांनी उठणे, बिछाना धुणे, चिडचिड ऐकून घेणे हे सारे त्या 'केलं'मध्ये येते. 'उस्तवार' हाही त्याच कामाचा शब्द, पण त्यात त्रासाची छटा आहे. 'करणे'मध्ये ती नाही. शहरांत आता या कामासाठी पगारी माणूस ठेवतात आणि त्याला 'केअरटेकर' म्हणतात; 'काळजीवाहक' हा मराठी शब्द कागदोपत्री आहे. 'काळजीवाहू' मात्र आधीच राजकारणाने उचलला, तो मुदत संपलेल्या सरकारसाठी. घरातले लोक पगारी बाईबद्दल बोलतानाही शेवटी जुन्याच क्रियापदाकडे येतात. ती चांगली निघाली तर 'आजींचं अगदी मनापासून करते' असे म्हणतात.